घरच्या कॉम्प्युटरला स्पीकर: आधी खुर्ची, मग पोर्ट, शेवटी दुकान

नाशिकच्या एम. जी. रोडवर किंवा कॅनडा कॉर्नरच्या आसपास कुठल्याही दुकानात ‘कॉम्प्युटरसाठी स्पीकर दाखवा’ म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले: बजेट किती, आणि ब्लूटूथ पाहिजे का? तुम्ही जरा अडखळलात की समोर रंगीत दिवे लागणारा, भलामोठा वूफर (बास, म्हणजे जाड, खालचा आवाज देणारा स्पीकर) असलेला सेट येतो. दुकानदार एक दणदणीत गाणं लावतो आणि दुकानात ते झकासच वाटतं. घरी आणल्यावर मात्र बातम्या सांगणाऱ्या बाई पिंपात बसून बोलताहेत असं वाटू लागतं.

हे टाळायचं तर क्रम उलटा करायचा. आधी तुमची खुर्ची आणि टेबल, मग कॉम्प्युटरची भोकं (पोर्ट), मग स्पीकरचा प्रकार आणि दुकान सगळ्यात शेवटी. माझं मत आधीच सांगून टाकतो: घरच्या कॉम्प्युटरच्या आवाजात सर्वाधिक फरक पडतो तो स्पीकर आणि त्याच्या मांडणीमुळे. वायर आणि पोर्ट यांवर लोक जितका खल करतात तितका फरक त्यांच्यामुळे क्वचितच पडतो.

पायरी १: टेप घेऊन खुर्चीत बसा

तुमचं डोकं जिथे असतं तिथपासून स्पीकर ठेवता येईल त्या जागेपर्यंतचं अंतर मोजा. सिडको किंवा इंदिरानगरच्या दहा बाय दहाच्या खोलीत ते बहुतेक वेळा दोन ते तीन फूट निघतं. सगळा हिशोब या आकड्यावर आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजेच जवळ बसणाऱ्याला ताकद फार लागत नाही. साधारण स्पीकर १ वॅटवर, १ मीटर अंतरावर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. १० वॅट दिले तर ९५. तीन फुटांवर बसून ९५ डेसिबल रोज कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही कानांची वरची मर्यादा धरली जाते. तेव्हा टेबलावरच्या प्रत्येक स्पीकरला दहा-पंधरा खरे वॅट म्हणजे पुष्कळ झाले.

‘खरे’ म्हणायचं कारण खोक्यावर छापलेले आकडे. ‘१००० वॅट पीएमपीओ’ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा) असं कुठे दिसलं तर तो आकडा नाहीच असं समजून पुढे जा. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा आकडा, आणि तोही डोळे झाकून नाही. काही कंपन्या आवाज १० टक्के फाटेपर्यंत वाढवून मग आरएमएस मोजतात. शिवाय वॅट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. ४० आणि ५० वॅटमधला फरक जेमतेम १ डेसिबल, तो कानाला कळतही नाही. त्यासाठी हजार रुपये जास्त देऊ नका.

एक सोपी गंमत: साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे २.५ वॅट मिळतात. तेव्हा केवळ त्या पोर्टवर चालणारा स्पीकर ‘३० वॅट’ म्हणत असेल तर उरलेले साडेसत्तावीस कुठून आले ते दुकानदारालाच विचारा. यूएसबी-सी पोर्टवरून जास्त वीज घेणारे स्पीकर वेगळे. तिथेही पोर्ट खरोखर तेवढी वीज देतो का, हे बघावं लागतं.

हा सगळा हिशोब टेबलापुरता. तुम्ही पलंगावर आठ-दहा फूट लांब बसून सिनेमे बघत असाल तर मोठा स्पीकर लागेलच.

पायरी २: कॅबिनेट फिरवा

डेस्कटॉपच्या मागे रंगीत भोकं असतात. हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या ‘पीसी ९९’ नियमावलीतून रूढ झाले. हिरवं म्हणजे स्पीकर, गुलाबी म्हणजे माइक, फिकट निळं म्हणजे बाहेरचा आवाज आत घेण्यासाठी. नारिंगी, काळं आणि राखाडी दिसलं तर ती ५.१ किंवा ७.१ साठी, म्हणजे चहूबाजूंना पाच-सात स्पीकर आणि एक सबवूफर असलेल्या सेटसाठी, तुम्हाला बहुधा लागणार नाहीत. स्पीकर नेहमी मागच्या हिरव्यात लावा. पुढच्या जॅकपर्यंत जाणारी वायर कॅबिनेटच्या आतून, ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते आणि बरीच चिरचिर सोबत आणते. पुढचा जॅक हेडफोनला बरा.

लॅपटॉपला एकच जॅक असतो, माइक आणि हेडफोन दोन्हींचा. स्पीकरची साधी ३.५ मिमीची पिन त्यात व्यवस्थित चालते. जॅकच नसलेल्या लॅपटॉपला यूएसबी-सीचा छोटा अडॅप्टर लावायचा. त्या इवल्याशा तुकड्यात डिजिटलचा आवाज करणारी चिप असते. अ‍ॅपलचा असा अडॅप्टर तर मोठमोठ्या डब्यांना लाजवेल इतका स्वच्छ आवाज देतो आणि विंडोजवरही चालतो. काही अँड्रॉइड फोनवर मात्र त्याचा आवाज बारीक येतो, तेवढं लक्षात ठेवा.

चौकोनी, आत लाल उजेड दिसणारं भोक म्हणजे ऑप्टिकल. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही जोडणी आजही कामाची आहे, कारण तिच्यात वीज जातच नाही, फक्त प्रकाश जातो. याचा उपयोग खाली घूं आवाजाच्या भागात येईल.

मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असेल तर त्याच वायरीतून आवाजही जातो, आणि अनेक मॉनिटरना मागे किंवा खाली हेडफोनचा जॅक असतो. टेबलाखाली वाकायचा कंटाळा असेल तर स्पीकर तिथे लावता येतात. आवाज थोडा बारीक मिळण्याची शक्यता असते, पण बातम्या आणि व्याख्यानांना पुरतो.

पायरी ३: जोडणी ठरवा

दहातल्या आठ घरांना हिरवा जॅक पुरतो. तो स्वस्त आहे, त्यात उशीर होत नाही, ड्रायव्हरची कटकट नाही आणि उद्या टीव्हीला किंवा फोनलाही तोच स्पीकर लावता येतो.

यूएसबीने आवाज घेणारा स्पीकर किंवा वेगळा डॅक (डिजिटलचा आवाज करणारी तीच चिप असलेला डबा) कधी घ्यायचा? जॅकमधून खरखर येत असेल, जॅक सैल झाला असेल किंवा मदरबोर्डचा आवाजच मेला असेल तेव्हा. खरेदी करताना नीट विचारा: काही स्पीकरची यूएसबी वायर फक्त विजेसाठी असते आणि आवाजासाठी वेगळी पिन लावावीच लागते. एकाच यूएसबीवर दोन्ही होतं अशी समजूत करून घेऊ नका.

आता ब्लूटूथ. गाण्यांसाठी आणि सिनेमासाठी चालतो, कारण बहुतेक प्लेअर चित्र तेवढंच मागे ठेवून ओठ आणि आवाज जुळवून घेतात. पण साध्या ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या दशांश-दोन दशांशाने उशिरा येतो. गेम खेळणाऱ्या पोराला तो लगेच कळतो. कीबोर्डवर सूर वाजवणाऱ्याला किंवा तबल्याचं अ‍ॅप बोटांनी वाजवणाऱ्याला तर तो असह्य होतो. रियाजासाठी ब्लूटूथ स्पीकर नकोच.

दुसरा त्रास ऑनलाइन मीटिंगचा. ब्लूटूथ स्पीकरला स्वतःचा माइक असेल आणि मीटिंगच्या अ‍ॅपने तो पकडला, तर जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर जाते आणि सगळा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा पातळ होतो. स्पीकर बिघडलेला नसतो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, आवाज परत भरतो.

साउंडबारवाल्यांसाठी एकच सूचना, पण महाग पडू शकणारी. काही साउंडबारना फक्त ‘एआरसी’ लिहिलेला एचडीएमआय पोर्ट असतो. तो टीव्हीकडून आवाज घेण्यासाठी आहे. कॉम्प्युटरच्या एचडीएमआयची वायर थेट त्यात घातली तर काहीच वाजणार नाही. मध्ये टीव्ही हवा, नाहीतर साउंडबारला ऑक्स (साध्या वायरीने बाहेरचा आवाज घेणारं), यूएसबी किंवा ऑप्टिकल इनपुट असल्याची खात्री करा.

पायरी ४: २.०, २.१, की माळ्यावरचा जुना डेक

२.० म्हणजे डावा-उजवा. २.१ म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि खाली फक्त बास देणारा सबवूफर. माझा कौल जवळजवळ नेहमी २.० ला. त्याच पैशात २.१ घेतला की कंपनीला तीन डबे बनवावे लागतात, आणि कात्री लागते ती बाजूच्या दोन स्पीकरना. माणसाचा आवाज, बासरी, संवाद, सगळं येतं त्या दोनांतून. प्रत्येक डब्यात तीन-चार इंची वूफर आणि वरच्या सुरांसाठी वेगळा ट्वीटर असलेला, आत अँप्लिफायर असलेला २.० सेट ही टेबलासाठीची सगळ्यात शहाणी खरेदी. दोन-अडीच इंची एकाच स्पीकरवर चालणारे छोटे जोड स्वस्त असतात आणि अभ्यासाच्या व्हिडिओंना पुरतात. मात्र ८०-१०० हर्ट्‌झच्या खालचं, म्हणजे खोल बास, त्यांच्याकडून फारसं येत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

सबवूफर घ्यायचाच तर खालच्या मजल्याचा विचार करा. मधले आणि वरचे सूर भिंत बऱ्यापैकी अडवते. बास स्लॅबमधून खाली उतरतो आणि शेजारच्यांच्या भिंतींतून चढतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण तक्रार येते ती डेसिबल मोजून नाही, ‘तुमचं ते धुम् धुम् बंद करा’ म्हणून.

घरात जुना डेक किंवा अँप्लिफायर धूळ खात पडला असेल तर नवीन काही घेण्याआधी तो खाली काढा. एका टोकाला ३.५ मिमीची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या आरसीए पिना असलेली वायर लागते, बस. ती ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’ लिहिलेल्या इनपुटला लावा. ‘फोनो’ला लावू नका. ते रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी बारीक सिग्नलसाठी असतं. कॉम्प्युटरचा आवाज त्यात घातला की फाटका आणि बासने भरलेला येतो. स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड बोटाने हलकेच दाबून बघा. पंधरा-वीस वर्षांनी ती भुगा होते. स्पीकर दुरुस्ती करणारे ती बदलून देतात, त्यासाठी आख्खा स्पीकर टाकायची गरज नाही. आणि मागच्या वायरी लाल ते लाल, काळी ते काळी. एका बाजूला उलटी लागली तर दोन्ही स्पीकर एकमेकांविरुद्ध हलतात, बास गायब होतो आणि गायक मधोमध उभा राहतच नाही.

पायरी ५: दुकानात काय ऐकायचं

स्वतःची गाणी फोनमध्ये डाउनलोड करून न्या. दुकानदाराचं गाणं त्या स्पीकरवर छान वाजतं म्हणूनच त्याने ते निवडलेलं असतं. तीन गोष्टी न्या: एखादं बोलण्याचं रेकॉर्डिंग, तंबोऱ्यावर सुरू होणारं एखादं गाणं आणि नाशिक ढोलाचा चांगला रेकॉर्ड केलेला तुकडा.

ढोल इथे गंमत म्हणून सांगत नाही. ढोलाचा सूर खालचा आणि ताशाचा वरचा, अशी दोन्ही टोकं एकाच तुकड्यात तपासून होतात. चांगल्या स्पीकरवर ढोलाची प्रत्येक थाप सुटी ऐकू येते, सुरू होते आणि थांबते. वाईट सबवूफरवर थापा एकमेकींत मिसळून नुसता घुमारा होतो. आणि ताशाची तडतड दोन मिनिटांत कानाला टोचायला लागली तर तो ट्वीटर रोज सहन होणार नाही. विसर्जन मिरवणुकीत ढोल छातीत जाणवतो तसा चार इंची स्पीकरमधून जाणवणार नाही, ती अपेक्षाच ठेवू नका.

बोलण्याच्या रेकॉर्डिंगवर डोळे मिटा. आवाज ओळखीचा वाटतो की नाकात? मग आवाज अगदी कमी करून बघा. घरी बहुतेक वेळ तुम्ही तेवढ्याच आवाजात ऐकणार आहात. काही स्वस्त सेटमध्ये कमी आवाजाला एक बाजू बारीक होते. हा व्हॉल्यूमच्या नॉबचा दोष असतो आणि तो घरी जाऊन सुधारत नाही. शेवटी गाणं थांबवून कान ट्वीटरजवळ न्या. थोडी सूं चालते, पण ती दोन फुटांवरूनही ऐकू येत असेल तर राहू द्या.

नॉब पुढच्या बाजूला आणि हाताशी आहे ना, दोन स्पीकरमधली वायर तुमच्या टेबलाला पुरेल ना, हेही बघा. चौतीस इंची मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना ठेवायचं म्हटलं की आखूड वायर रडवते.

पायरी ६: मांडणी

इथे पैसे लागत नाहीत, म्हणून बहुधा कोणी करतही नाही. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा: स्पीकर एकमेकांपासून अडीच फूट तर तुम्हीही अडीच फुटांवर. दोन्ही थोडे आत, तुमच्याकडे वळवा. ट्वीटर कानाच्या उंचीला आला पाहिजे. टेबलावर तो नेहमी खाली राहतो. खाली जाड पुस्तकं किंवा लाकडी ठोकळा द्या, नाहीतर पुढची कड उचलून स्पीकर वर बघेल असा तिरपा करा. आवाज लगेच मोकळा होतो. फार मागे ठेवलेल्या स्पीकरचा आवाज टेबलाच्या पृष्ठभागावर आपटून कानाशी येतो आणि बोलणं गढूळ करतो. म्हणून टेबलाच्या पुढच्या बाजूला सरकवा.

भिंतीला चिकटवू नका. भिंत बास वाढवते, कोपरा तर दोन भिंतींचा वाढवतो. एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा मोकळ्यावर असेल तर एक बाजू कायम जड वाटते. स्पीकरला मागच्या बाजूला हवेचं गोल भोक असेल तर मागे किमान पाच-सहा इंच जागा सोडा. जागा नसेलच तर पुढे भोक असलेला स्पीकर घ्या. म्हणूनच टेबल आधी मोजायचं.

खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. टर्रर असा शेपटासारखा आवाज मागे राहिला तर खोली उघडी आहे: चकचकीत फरशी, रिकाम्या भिंती. नव्या फ्लॅटमध्ये हे हमखास. जाड पडदा, खाली सतरंजी, मागच्या भिंतीला भरलेलं पुस्तकांचं कपाट, एवढ्याने फरक पडतो.

सबवूफर असेल तर जागा शोधायची युक्ती अशी: तो तात्पुरता तुमच्या खुर्चीवर ठेवा, बासचं गाणं लावा आणि जमिनीलगत डोकं नेत टेबलाभोवती फिरा. जिथे बास सगळ्यात एकसारखा, न घुमता ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवा. घरचे हसतील, हसू द्या. त्याखाली जाड रबराचा तुकडा द्या आणि नॉब अर्ध्याच्या खालीच ठेवा.

पायरी ७: घूं आवाज येत असेल तर

आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे. सतत येणारी जाड घूं बहुतेक तिथूनच येते. चोर शोधायचा क्रम असा. स्पीकर चालू ठेवून त्याची पिन कॉम्प्युटरमधून काढा. घूं गेली तर स्पीकर ठीक आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. घूं गायब झाली तर तो ग्राउंड लूप: कॉम्प्युटर आणि स्पीकर दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडले गेले आहेत. पहिला उपाय फुकटचा, दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. नाही गेली तर ३.५ मिमीचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. अगदी स्वस्त आयसोलेटर थोडा बास खातो, पण घूं घालवतो. कॉम्प्युटर आणि स्पीकर दोघांनाही ऑप्टिकल असेल तर प्रश्नच मिटला, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तारेतून घूं जात नाही.

तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. घूं जाते हे खरं, पण त्यासोबत शॉकपासूनचं संरक्षणही जातं. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सॉकेटमध्ये अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये, जिथे वायरिंग टप्प्याटप्प्याने वाढत गेलं आहे, तिथे हे आधी करा आणि स्पीकर नंतर आणा.

महावितरणची वीज गेल्यावरच घूं सुरू होत असेल तर दोष इन्व्हर्टरचा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर असलेले स्पीकर गुरगुरतात. साइन वेव्ह इन्व्हर्टर हा त्यावरचा उपाय आहे, पण निव्वळ स्पीकरसाठी तो बदलू नये.

माउस हलवला की चिर्र होतं? ती यूएसबीची किंवा पुढच्या जॅकची घाण. मागच्या जॅकवर या, नाहीतर बाहेरचा यूएसबी अडॅप्टर घ्या.

पायरी ८: विंडोजमधलं थोडंसं

आवाज येतच नसेल तर आधी खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन कुठलं उपकरण निवडलंय ते बघा. नवीन मॉनिटर जोडला की विंडोज अनेकदा आवाज त्याच्याकडे वळवतं, मग त्याला स्पीकर असो वा नसो. विंडोजचा आवाज ८०-९० टक्क्यांवर ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरच्या नॉबने करा. उलट केलं तर स्पीकरची सूं पण मोठी होते. ‘मोनो ऑडिओ’ चुकून सुरू नाही ना, तेही तपासा. सुरू असेल तर डावं-उजवं एकच होतं आणि त्रिकोणाची सगळी मेहनत वाया जाते. ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ व्याख्यानांना आणि जुन्या रेकॉर्डिंगना उपयोगी आहे. संगीताला ते बंद ठेवा, नाहीतर आलाप आणि तान एकाच जोराने ऐकू येतात.

चालू करताना आधी कॉम्प्युटर, मग स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. नाहीतर दरवेळी कॉम्प्युटरचा ‘धप्’ स्पीकरच्या पडद्यावर बसतो. पावसाळ्यात वीज येत-जात असेल तेव्हा स्पीकरचा स्विच बंदच ठेवा आणि वीज टिकली की मग लावा.